माप कोणाच्या हाती?

वजने आणि मापे हा विषय शाळेतल्या कोष्टकांपुरता आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगारांच्या बैठकांत बरेच झाले. म्हणून आम्ही या विषयाकडे थोड्या निराळ्या बाजूने पाहतो. वस्तूचे माप किती, हा प्रश्न खराच. परंतु त्याच्या आधी आणखी एक प्रश्न उभा असतो. माप धरणारा हात कोणाचा?

माणसाने पहिली मापे घेतली ती आपल्याच देहापासून. चिमूट, मूठ, ओंजळ, वीत, हात, पुरुष. विहीर तीन पुरुष खोल, सूर्य कासराभर वर, शेत हाकेच्या अंतरावर. आपल्या वसई-नालासोपाऱ्यात ही पद्धत अजून जिवंत आहे. पावसाळ्यात रस्त्यावर किती पाणी आहे हे कोणी सेंटिमीटरमध्ये सांगत नाही. घोटाभर, गुडघाभर, कमरेइतके असेच सांगतात. आता उंच माणसाचे गुडघाभर पाणी ठेंगण्याच्या मांडीपर्यंत येते, ही गोष्ट निराळी! घर विकणारा जाहिरातीत ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ असे लिहितो. ती मिनिटे कोणाच्या पायांची हे लिहीत नाही. आणि लोकलगाडीतील ‘चौथी सीट’ हे माप तर ना इंचांत बसते ना सेंटिमीटरांत. ते सर्वस्वी शेजाऱ्याच्या सौजन्यावर अवलंबून असते. मासळी बाजारातला ‘वाटा’ही तसाच. त्यात बोंबील किती, हे गिऱ्हाईक आणि कोळीण यांच्या बोलण्यातून ठरते.

ही मापे हसण्यावारी नेण्यासारखी वाटली तरी मूर्खपणाची नव्हेत. जुन्या कोष्टकात दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोल्या म्हणजे पायली. सगळा हिशेब अर्ध्याचा आणि दुपटीचा. ज्याला अक्षर येत नाही तोसुद्धा धान्याचे दोन सारखे ढीग नजरेने करू शकतो. दहा सारखे ढीग करून दाखवा पाहू! रुपयाचे आणे सोळा, म्हणून तो चार वेळा निम्मा केला तरी तुटत नसे. आमच्या वडीलधाऱ्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी, औटकी पाठ केली ती याचसाठी. ‘शेरास सव्वाशेर’ आणि ‘सोळा आणे खरे’ हे बोल भाषेत टिकले, ते शेर आणि आणा व्यवहारातून गेल्यानंतरही टिकले.

परंतु या गोडव्याला दुसरी बाजू आहे. सन १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली. त्यानंतर वीस वर्षांनी, १५५४ मध्ये, अंतोनियो नुनिश याने हिंदुस्थानच्या बंदरांतील वजने, मापे आणि नाणी यांचे एक पुस्तक तयार केले. त्यात वसईच्या भाताची नोंद आहे: एका मुड्यात भात तीन खंडी, आणि ते सडल्यावर तांदूळ दीड खंडीहून काहीसा अधिक. मुडा म्हणजे पेंढ्यात बांधलेले धान्य, हाताने बांधलेले. तो नेमका केवढा, हे बांधणाऱ्यावर आणि घेणाऱ्यावर. भाताचे तूस किती निघते याचीही ज्याने बारकाईने नोंद ठेवली, त्याला माप म्हणजे काय हे चांगले ठाऊक होते. ज्याला वसूल करायचे असते तो माप आधी शिकतो. ज्याला द्यायचे असते तो शेवटी.

पुढे इंग्रज आले तेव्हाही एक माप नव्हते. मुंबईचा मण २८ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा आणि बंगालचा ८२ पौंडांहून अधिक. नाव एकच, ओझे मात्र तिप्पट! शिवाय पायली शिगोशीग भरायची की हात फिरवून सपाट करायची, हा वाद वेगळाच. घेताना शीग आणि देताना सपाट, ही तक्रार केवळ आपली नव्हे. फ्रान्समध्ये १७८९ साली प्रजेने राजापुढे गाऱ्हाण्यांच्या वह्या मांडल्या, त्यांत जमीनदारांच्या मापांविषयीची गाऱ्हाणी होती आणि देशभर एकच वजन, एकच माप असावे अशी मागणी होती. त्या क्रांतीतून १७९५ च्या कायद्याने मीटर आणि ग्रॅम जन्मास आले. पृथ्वीच्या घेरावरून मीटर ठरवला तो एवढ्यासाठी, की ते माप कोणा राजाच्या हाताचे वा पायाचे असू नये.

आपल्याच पालघर जिल्ह्यातील एक उदाहरण पाहा. डहाणू-तलासरीच्या भागात वारली शेतमजूर पिढ्यान्‌पिढ्या जमीनदारांच्या वेठीला राबत होते. वेठीला माप नसते, हेच तिचे लक्षण. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने लढा उभारला, तेव्हा मागणी कशी मांडली गेली? ‘मजुरी वाढवा’ एवढीच मोघम नव्हे. तर ५०० पौंड गवत कापले की अडीच रुपये. ५०० पौंड म्हणजे सुमारे २२७ किलो. त्या वर्षी १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि ५ जण मृत्युमुखी पडले. मोजून काम आणि मोजून दाम, एवढी साधी गोष्ट मागायलाही इतकी किंमत द्यावी लागली, हे विसरून चालणार नाही.

स्वातंत्र्यानंतर देशाने दशमान पद्धत घेतली. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नये पैसे झाले. चार आण्यांचे २५ झाले, परंतु एका आण्याचे सव्वासहा कसे द्यायचे? कोष्टकाने ६ ठरवले, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९. १९५६ च्या कायद्याने किलो आणि मीटर आले, १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने; आणि १ एप्रिल १९६२ पासून किलोची वजने सक्तीची झाली.

तरीही जुनी नावे गेली नाहीत. खरा तोळा ११.६६ ग्रॅमचा, सराफ आज तोळा म्हणतो तेव्हा १० ग्रॅमच तोलतो. सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर, बोलण्यात गुंठा आणि एकर. घराचा करार चौरस मीटरचा, भावाची घासाघीस चौरस फुटाची. रेती-खडी अद्याप ब्रासने, म्हणजे १०० घनफुटांच्या हिशेबाने.

दोन मापे शेजारी नांदली की त्यांच्या फटीत कोणाचा तरी पैसा पडतो. नाक्यावरच्या गिलावा करणाऱ्यांच्या बाबतीत आम्ही हे पाहिले आहे. ठेकेदाराला बिल मिळते चौरस मीटरवर, कारागिराला मजुरी मिळते चौरस फुटावर. आणि मीटरचे फूट करताना ‘दहा धरा’ असे सांगितले जाते. वास्तविक एका चौरस मीटरचे १०.७६ चौरस फूट होतात. म्हणजे १०० मीटर भिंतीमागे ७६ फुटांचे काम फुकट! यावर आम्ही काढलेला उपाय फार थोर नाही. टोळीत एकाच्या खिशात मीटरपट्टी असावी, आणि काम सुरू होण्याआधी भिंत दोघांनी मिळून मोजावी. खडीच्या गाडीचेही तसेच. १० फूट लांब, ६ फूट रुंद, अडीच फूट उंच, म्हणजे १५० घनफूट, दीड ब्रास. ही गणिते बैठकीत खडूने फळीवर मांडली, की घोषणांपेक्षा ती अधिक काळ लक्षात राहतात.

तेव्हा आमचे म्हणणे इतकेच. बरोबरीच्या माणसांत चिमूट, ओंजळ, वाटा आणि चौथी सीट सुखाने नांदोत. त्यांत माणुसकी आहे, आणि चार शब्दांची देवघेव आहे. पण जेथे एक देणारा आणि एक राबणारा असतो, तेथे माप असे हवे की जे कोणाच्याही हाताने धरले तरी तेवढेच भरेल. किलो आणि मीटर यांचा मोठेपणा दहाच्या सोयीत फारसा नाही. ते कोणाच्या मालकीचे नाहीत, यात आहे. आणि ही मालकी नाहीशी झाली तरी एक काम उरतेच: पट्टीवरचा आकडा ज्याच्या घामाचा आहे, त्याला तो वाचता आला पाहिजे.