निदान आणि शस्त्र यांमधील काळ

शस्त्रवैद्यकाचा इतिहास आजपर्यंत बहुधा शस्त्रवैद्यांच्या बाजूनेंच लिहिला गेला आहे. अमुक सालीं अमक्यानें अमुक अवयव प्रथम कापून काढला, तमक्यानें भुलीचें औषध शोधिलें, तिसऱ्यानें जखमेंतील पू थांबविला, अशी ती विजयांची यादी असते. ती खोटी नव्हे. परंतु मेजावर निजलेलें माणूस तींत क्वचितच दिसतें, आणि मेजावर निजण्यापूर्वींचे दिवस तर मुळींच दिसत नाहींत. गांठ कसली आहे हें कळल्यापासून शस्त्र अंगास लागेपर्यंतचा जो काळ, तो रोग्याच्या दृष्टीनें सर्व दुखण्यांतील अत्यंत दीर्घ काळ होय. ह्या काळालाही स्वतःचा इतिहास आहे. तो कर्करोगाच्या संबंधानें विशेष स्पष्ट दिसतो, म्हणून त्याची थोडीशी हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इंग्रजी कादंबरीच्या अभ्यासकांस फॅनी बर्नी हें नांव परिचित आहे. १७७८ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'एव्हेलिना'ची ही लेखिका पुढें दार्ब्ले नांवाच्या फ्रेंच सेनाधिकाऱ्याशीं विवाहबद्ध झाली, १८०२ सालीं फ्रान्सांत गेली, आणि युद्ध पुन्हा पेटल्यामुळें दहा वर्षें तेथेंच अडकून पडली. १८१० च्या उन्हाळ्यांत तिचा उजवा स्तन दुखूं लागला. हळूहळू गांठ वाढली, हात उचलणें कठीण झालें. अखेर दोन नामांकित शस्त्रवैद्यांस दाखविण्यांत आलें. एक आंत्वान द्युब्वा. हा राजघराण्याचा प्रसूतिवैद्य. दुसरा नेपोलियनच्या सैन्याचा प्रख्यात शस्त्रवैद्य लारे.

द्युब्वानें तिला तपासलें, पण निर्णय तिला सांगितला नाहीं. तो तिच्या पतीला बाजूस घेऊन बोलला, आणि पति परत आला तेव्हां त्याच्या चेहऱ्यावरूनच तिनें काय तें ओळखलें. पुढें तिनें रीतसर संमति दिली, त्या वेळीं तिला सांगण्यांत आलें कीं, दिवस आधीं कळविला जाणार नाहीं. केवळ चार तासांची सूचना मिळेल. भीतीला वाढण्यास अवकाश मिळूं नये हा त्यांतील सद्हेतु होता. परिणाम मात्र उलट झाला. ती सूचना केव्हां येईल ह्या विवंचनेंत तिचे तीन आठवडे गेले. ज्याची तारीख ठाऊक नाहीं अशा संकटाची वाट पाहणाऱ्यास प्रत्येक दिवस हा तोच दिवस वाटतो!

३० सप्टेंबर १८११ रोजीं निरोप आला. तो येतांच ह्या एकोणसाठ वर्षांच्या स्त्रीनें काय केलें तें पाहण्यासारखें आहे. प्रथम तिनें पतीला ह्या भयंकर देखाव्यापासून दूर ठेवण्यासाठीं कामाच्या निमित्तानें बाहेर गुंतवून ठेवण्याची व्यवस्था केली. वैद्यांस यावयास उशीर लागला तेव्हां ती दिवाणखान्यांत गेली. तेथें पट्ट्या, स्पंज व कापूस ह्यांचा ढीग पाहून तिला मळमळलें. तरी मन बधिर होईपर्यंत ती येरझारा घालीत राहिली. मग तिनें पति व पुत्र ह्यांच्यासाठीं, न जाणो प्रसंग ओढवलाच तर, दोन चिठ्ठ्या लिहून ठेविल्या. दुपारीं तीनच्या सुमारास गाड्या दाराशीं आल्या आणि काळ्या पोषाखांतील सात पुरुष न विचारतां खोलींत शिरले.

तिच्या तोंडावर तलम रुमाल टाकण्यांत आला, पण तो इतका पातळ कीं त्यांतून तिला शस्त्राची चकाकी दिसली. आणखी एक गोष्ट दिसली, व आमच्या मतें ह्या सर्व वृत्तांतांत तीच अत्यंत महत्त्वाची आहे. द्युब्वानें हवेंत बोटानें प्रथम वरून खालीं एक रेघ ओढली, मग आडवी ओढली, आणि मग एक वर्तुळ काढलें. संपूर्ण स्तन काढावयाचा आहे हें त्या स्त्रीला त्या क्षणीं, त्या खुणेवरून कळलें. ती उठून बसली, आपलें दुखणें एकाच ठिकाणीं आहे असें तिनें परोपरीनें सांगितलें. सर्वांनीं तें शांतपणें ऐकून घेतलें. मग पुन्हा रुमाल, पुन्हा तीच खूण. तेव्हां तिनें डोळे मिटले आणि सर्वस्व त्यांच्या स्वाधीन केलें. पुढील सुमारें वीस मिनिटें ती पूर्ण शुद्धीवर होती. फक्त मध्यें दोनदां शुद्ध हरपली असावी असें तिला वाटलें. शेवटीं डोळे उघडले तेव्हां लारेचा चेहरा जवळजवळ तिच्याइतकाच पांढरा पडलेला तिनें पाहिला.

ही हकीकत तिनें बहिणीला पत्रांतून कळविली. पण तें पत्र पुरें करण्यास तिला कित्येक महिने लागले. गांठ खरोखर कर्करोगाचीच होती किंवा कसें, हें आज ठरविण्यास मार्ग नाहीं. पेशींची सूक्ष्मदर्शकाखालीं परीक्षा करण्याची पद्धति तेव्हां नव्हती. ती मात्र १८४० पर्यंत, म्हणजे आणखी अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ जगली.

ह्याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास वेगळाच प्रयोग घडला होता. १३ ऑक्टोबर १८०४ रोजीं जपानांतील हानाओका सेइशू नांवाच्या वैद्यानें वनस्पतींपासून केलेलें गुंगीचें औषध एका साठ वर्षांच्या स्त्रीस पाजून, ती निश्चेष्ट असतां तिच्या स्तनांतील कर्करोगाची गांठ काढली. ती बाई पुढें फार दिवस वांचली नाहीं. परंतु शस्त्राची वेदना तिला भोगावी लागली नाहीं. जपानचीं दारें त्या काळीं जगाला बंद असल्यामुळें ही विद्या बाहेर गेली नाहीं, आणि युरोपांतील रोग्यांस १८४६ पर्यंत थांबावें लागलें. त्या वर्षीं १६ ऑक्टोबर रोजीं बोस्टन येथें ईथरच्या गुंगीत मानेवरील गांठेची शस्त्रक्रिया सर्वांसमक्ष करून दाखविण्यांत आली. १८६७ सालीं लिस्टरनें जखमेंतील जंतूंविरुद्धची आपली पद्धति प्रसिद्ध केली. वेदना गेली, पू गेला. शस्त्रवैद्याचा हात मोकळा झाला.

येथेंच इतिहास एक चमत्कारिक वळण घेतो. बाल्टिमोरच्या हॉल्स्टेडनें एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं स्तन, छातीचे स्नायु व काखेंतील ग्रंथि हीं सर्व एकदम काढण्याची रीत रूढ केली. १९०५ सालीं गांठेचा तुकडा गोठवून कांहीं मिनिटांत सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्याची युक्ति अमेरिकेंत निघाली. ह्या दोहोंचा मेळ पडला तेव्हां असा प्रघात पडला कीं, स्त्रीला भूल द्यावी, तुकडा काढावा, कर्करोग ठरल्यास तिला जागें न करतांच स्तन काढून टाकावा. म्हणजे फॅनी बर्नीला जी खूण निदान रुमालांतून तरी दिसली, ती ह्या स्त्रियांना दिसण्याची सोयच उरली नाहीं. जागें झाल्यावर छातीवर हात ठेवून पाहावें, आणि निकाल समजून घ्यावा! भुलीच्या औषधानें वेदना नाहींशी केली, पण तिच्याबरोबर रोग्याचा आवाजही नाहींसा केला.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही वृत्ति किती खोल रुजली होती ह्यास प्रमाण आहे. १९६१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणींत सुमारें ९० टक्के डॉक्टरांनीं कर्करोग्यास त्याचा रोग न सांगणेंच पसंत केलें होतें. १९७९ मध्यें तीच पाहणी पुन्हा झाली तेव्हां ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत एवढा पालट कां झाला? कारणें अनेक आहेत. पण रोग्यांनीं स्वतः बोलावयास आरंभ केला हें त्यांतील एक मोठें कारण. रोझ कुशनर ह्या पत्रकार स्त्रीनें १९७४ सालीं, आधीं केवळ तुकडा तपासा, पुढचें मी शुद्धीवर असतां ठरवीन, असा आग्रह धरला. १९७९ मध्यें अमेरिकेंतील तज्ज्ञमंडळानें निदान व शस्त्रक्रिया हीं दोन वेगळीं करावीं अशी शिफारस केली. बर्नार्ड फिशर ह्यांच्या प्रयोगांचे १९८५ सालीं बाहेर आलेले निष्कर्ष तर असें दाखवूं लागले कीं, लहान गांठींच्या बाबतींत केवळ गांठ व काखेंतील ग्रंथि काढून स्तन राखणाऱ्या स्त्रिया संपूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांइतक्याच जगतात. निवड करण्यास अवकाश हवा, हें बोलणें केवळ भावनेचें नव्हतें. निवडण्यासारखें कांहीं होतें.

आज तो मधला काळ कागदांनीं व चित्रांनीं भरून गेला आहे. रंटगेनचे किरण १८९५ चे. १९१३ मध्यें बर्लिनच्या सालोमोननें काढलेल्या स्तनांचीं क्ष-किरणचित्रें घेऊन गांठींचीं चिन्हें अभ्यासिलीं. १९७१ सालीं लंडनमध्यें हौन्सफिल्डच्या सीटी यंत्रानें जिवंत माणसाच्या मेंदूंतील विकृति प्रथम दाखविली. रोग किती पसरला आहे, शस्त्र करावें किंवा आधीं औषध द्यावें, हें ह्या चित्रांवरून बऱ्याच अंशीं ठरतें. मग किती तास उपाशी राहावें, कोणतीं औषधें थांबवावीं, श्वासाचे व्यायाम कसे करावे, असा तयारीचा क्रम लागतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ सालीं प्रसृत केलेल्या तपासणीपत्रिकेंत भूल देण्यापूर्वीं रोग्याकडून त्याचें नांव, शस्त्रक्रिया, तिचें ठिकाण व संमति ह्यांची खात्री करून घ्यावी, आणि त्या ठिकाणीं खूण केलेली आहे हें पाहावें, असें सांगितलें आहे. हवेंत ओढलेलें तें वर्तुळ आतां रोगी जागा असतां त्याच्या त्वचेवर शाईनें काढलें जातें. आमच्या दृष्टीनें दोनशें वर्षांच्या प्रगतीचें सार ह्या एका फरकांत आहे.

परंतु यंत्रें आलीं म्हणून रीत आली असें होत नाहीं. आमच्याकडील सुशिक्षित घरांतही स्कॅनचें पाकीट प्रथम मुलाच्या किंवा जांवयाच्या हातीं पडतें, दाराबाहेर कुजबुज होते, आणि 'आईला इतक्यांत सांगूं नका' असें ठरतें. ह्यामागें प्रेमच असतें, हें आम्ही नाकारीत नाहीं; द्युब्वाच्या मनांतही दयाच होती. आईला मात्र सर्वांच्या चेहऱ्यांवरून तें कळतेंच, आणि कळल्यावर तिला एकटीनेंच तें सोसावें लागतें, कारण तिला ठाऊक नाहीं असें घरानें ठरविलेलें असतें. एखाद्या रोग्यास सर्व तपशील नको असेल, तर तसें म्हणण्याचा अधिकार त्याचा आहे; पण तें त्याला विचारून ठरावें, त्याच्या वतीनें नव्हे.

फॅनी बर्नीला फार थोडे तास मिळाले, आणि त्यांत तिनें पतीला जपलें, मुलाला दोन ओळी लिहिल्या, मन स्थिर केलें. थोड्या तासांत जें इतकें झालें, तें काम पुरते दिवस मिळाले तर किती नीट होईल! किल्ल्या कोणाच्या हातीं द्यावयाच्या, कोणाशीं तुटलेलें बोलणें पुन्हा सुरू करावयाचें, कोणास त्या दिवशीं जवळ बसवावयाचें, हीं ज्याचीं त्यानेंच करावयाचीं कामें आहेत. रोग शस्त्रवैद्यानें काढावा. हे दिवस मात्र रोग्याचे आहेत, आणि ते त्याच्यापासून काढून घेण्याचा अधिकार प्रेमालाही नाहीं.