बारा वर्षांच्या आजाराचा हिशेब

संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडित असलेल्या एका स्त्रीची कथा आहे. प्रवचनात आम्ही तिच्या श्रद्धेविषयी नेहमी बोलतो. प्रभू येशूच्या वस्त्राला तिने केलेला स्पर्श आम्ही भक्तिभावाने वर्णितो. परंतु त्याआधी मार्कने तिच्या संसाराचा जो ताळेबंद मांडला आहे, त्यावरून आमची दृष्टी सहज निसटते. अनेक वैद्यांच्या हातून तिने पुष्कळ सोसले, जवळचे होते नव्हते ते खर्ची घातले, आणि गुण न येता ती अधिकच बिघडली, असे तो स्पष्ट नोंदवतो. ज्याला परंपरा वैद्य मानते तो संत लूक हीच कथा सांगतो. तिची प्रकृती अधिक ढासळली, हे मात्र तो लिहीत नाही. लेवीय नियमांप्रमाणे ती अशुद्धही होती. म्हणजे देह, पैसा आणि समाज या तिन्ही ठिकाणी ती रिती झाली होती.

दीर्घ आजाराचा हा तिहेरी हिशेब आपल्या देशात कोणी, केव्हा आणि कसा मांडला, हे पाहावयाचे असेल तर वर्धा जिल्ह्याइतका बोलका जिल्हा विरळा. तेथील कथा कुष्ठरोगापासून सुरू होते.

कुष्ठरोग माणसाला सहसा लवकर मारीत नाही. तो मज्जातंतूंना ग्रासतो, हातापायांची संवेदना हिरावतो, आणि उपचार न झाल्यास बोटे वाकडी करतो. शेतमजुराचे भांडवल त्याचे हातच. ते गेले की मजुरी गेली. डाग दिसताच घरातील ताट वेगळे, पुढे झोपडी वेगळी, आणि अखेरीस रस्ता हेच घर. इंग्रज सरकारने १८९८ साली केलेला कायदा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. भीक मागणाऱ्या किंवा निर्वाहाचे उघड साधन नसलेल्या कुष्ठरोग्याला धरून आश्रमात डांबण्याची तरतूद त्यात होती. म्हणजे कोंडून ठेवण्याचा निकष नुसता रोग नव्हता. रोग आणि दारिद्र्य यांची जोडी हा तो निकष होता. ज्याच्या गाठी पैसा, तो आपल्या घरी राही. ज्या आजाराने माणसाला भिकेस लावले, त्याच भिकेबद्दल कायदा त्याला पकडी. हा कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडावे लागले.

विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्यालगतच्या दत्तपूर येथे कुष्ठसेवेचे कार्य आरंभिले, तेव्हा चौलमुग्र्याच्या तेलापलीकडे औषध असे फारसे नव्हते, आणि त्याचाही भरवसा नव्हता. मग दिवाणांनी दिले काय? त्यांनी काम दिले. दत्तपूरचे रुग्ण शेती करू लागले, सूत कातू लागले, विणू लागले. रोग बरा करणे हाती नसताना, रोगाने हिरावलेली मिळवती अवस्था परत देणे मात्र हाती होते. याच जिल्ह्यातील हिंगणघाट येथे १९१४ साली जन्मलेल्या बाबा आमटे यांनी पुढे वरोऱ्यास आनंदवन उभारले, तेही श्रमाच्याच पायावर.

१९३९ साली परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले. ते संस्कृतचे पंडित, गांधीजींचे येरवड्याच्या तुरुंगातील सोबती, आणि आता कुष्ठरोगी. गांधीजींनी त्यांच्यासाठी आपल्या कुटीजवळ झोपडी बांधवून घेतली आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालीश केली. ते छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांची सेवा करता करता १८८९ साली त्याच रोगाने देह ठेवणारे संत डेमियन यांचे स्मरण आम्हां ख्रिस्ती वाचकांना येथे झाल्यावाचून राहत नाही. स्पर्शाचे मोल अपार आहे. परंतु स्पर्शानंतरही प्रश्न उरतोच : उद्याची भाकरी कोणाची?

या प्रश्नाला दुसरे उत्तर दिले ते १९५१ साली स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने. त्याचे मुख्यालय वर्ध्यासच आहे. डॉ. वार्डेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी त्रिसूत्री आखली. तोवर डॅप्सोनची स्वस्त गोळी हाती आली होती. रुग्णाने गाव सोडून आश्रमात यावयाचे नाही, तर कार्यकर्त्याने रुग्णाच्या दाराशी जावयाचे. वरवर पाहता ही वैद्यकीय पद्धत. परंतु तिचा आर्थिक अर्थ फार मोठा होता. माणसाचे घर, वावर आणि मजुरी शाबूत ठेवून त्याला औषध मिळत होते. तरीही ही गोळी वर्षानुवर्षे, काहींना तर आयुष्यभर घ्यावी लागे.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली बहुविध औषधोपचाराची शिफारस केली, तेव्हा ज्या जिल्ह्यांत ही पद्धत आपल्या देशात प्रथम राबविली गेली, त्यांत वर्धा होता. आयुष्यभराचा उपचार महिन्यांत मोजता येऊ लागला. १९९५ पासून ही औषधे जगभर विनामूल्य मिळू लागली. २००५ च्या अखेरीस भारताने सार्वजनिक आरोग्याची समस्या या अर्थाने कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याचे ठरविले, तरी नवे रुग्ण आजही आढळतात. औषधाचा खर्च शून्यावर आला. पण ज्यांची बोटे आधीच गेली होती, ज्यांचा संसार मोडला होता, त्यांच्या वहीतील बाकी तशीच राहिली. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण ठरू नये, हा कायदा तर थेट २०१९ साली झाला.

आता सेवाग्रामकडे वळू. डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने १९६९ साली तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. तिच्या कस्तुरबा रुग्णालयातील डॉ. उल्हास जाजू आणि त्यांचे सहकारी सभोवारच्या खेड्यांत जाऊ लागले आणि त्यातून ज्वारीच्या वर्गणीवर चालणारी आरोग्य विमा योजना आकारास आली. सुगीला घरात धान्य असते तेव्हा प्रत्येक कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यावी, ज्याचे वावर मोठे त्याने अधिक द्यावी. निदान तीन चतुर्थांश कुटुंबे सामील झाली तरच गाव योजनेत यावयाचे. रुग्णालयाचा सारा खर्च त्या ज्वारीने भागत नसे, मोठा वाटा अनुदानाचाच असे. परंतु उपचार ही भीक न राहता गावाचा हक्क झाला, ही किमया त्या पायलीभर ज्वारीची.

या योजनेतही एक रेषा होती, ती प्रामाणिकपणे नमूद करावयास हवी. अचानक उद्भवलेल्या आजारात रुग्णालयातील उपचार मोफत. मोतीबिंदू, अंतर्गळ, नेहमीचे बाळंतपण अशा आधी ठाऊक असलेल्या गोष्टींत मात्र काही अंशी सवलत. यात योजनाकारांचा दोष नाही. मर्यादित धान्यात सर्वांचे सर्व भागत नाही. परंतु चांगल्यातली चांगली व्यवस्थाही जेथे हात आखडता घेते, नेमक्या त्याच जागी दीर्घ आजार उभा असतो. संकट अचानक आले तर गाव धावते. तेच संकट रोजचे झाले की ते एका घराचे होते.

आज विदर्भात मधुमेह आहे, रक्तदाब आहे, मूत्रपिंडाचे विकार आहेत, जन्मभर साथ न सोडणारा सिकलसेल आहे. शासनाच्या योजना आहेत आणि त्यांनी पुष्कळांचे प्राण वाचविले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा भर मात्र मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन करावयाच्या उपचारांवर आहे. रोजची गोळी, तपासणीची फी, एस.टी.चे भाडे, सोबत आलेल्या मुलाची बुडालेली मजुरी, हे सारे कोणत्याही कार्डात बसत नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ साली देशातील आरोग्यावरील एकूण खर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून भरली. २०१३-१४ साली हे प्रमाण ६४.२ टक्के होते. सुधारणा मोठी आहे. पण ज्या घरात कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि औषधाची चिठ्ठी दरमहा येते, त्या घराला टक्केवारीचा आधार किती?

आणि आपण? धर्मग्रामात अपघात झाला की आपण वर्गणी काढतो, आणि ती उदारपणे निघते. परंतु डायलिसिसच्या चौथ्या वर्षी कोणी थैली फिरवत नाही. तोवर तो रुग्ण रविवारच्या प्रार्थनेतील एक नाव झालेला असतो. ही चूक इतरांची म्हणून आम्ही सांगत नाही. ती यादी आम्हीच वाचतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ठरविलेला जागतिक रुग्ण दिन १९९३ पासून दर ११ फेब्रुवारीला पाळला जातो. त्या दिवशी आम्ही अभ्यंग करतो, आशीर्वाद देतो. त्याच दिवशी त्या घराची वही पाहण्याचे धैर्य मात्र आमच्यात क्वचितच असते.

ज्या लूकने वैद्यांविषयी हात राखून लिहिले, त्यानेच दयाळू शोमरोन्याचा दाखला आपल्यासाठी जपून ठेवला. त्या प्रवाशाने जखमा बांधल्या, तेल व द्राक्षारस ओतला, हे आपल्याला पाठ आहे. पण दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या रखवालदारास दोन दिनार दिले, म्हणजे मजुराची दोन दिवसांची कमाई, आणि अधिक लागेल ते परतताना भरण्याचे वचन दिले. त्याने आकडा ठरविला नाही, खातेही बंद केले नाही. सेवाग्रामच्या खेड्यांत दर सुगीला मापली जाणारी ज्वारी हे त्याच वचनाचे मराठी रूप होते. आपल्या धर्मग्रामात तिचे माप कोणते असावे, हे येत्या सुगीपूर्वी आपण मिळून ठरवावे, एवढेच आमचे मागणे आहे.