ताणलेलं सप्तक

पियानोच्या ८८ पट्ट्यांमागे साधारण २३० तारा असतात. मधल्या आणि वरच्या भागात एकेका स्वराला तीन-तीन. तिन्ही एकदम वाजल्या तर कोणती चढली, कोणती उतरली हे कळणं कठीण. म्हणून ट्यूनर फेल्टची लांब पट्टी तारांच्या गटांमधल्या फटींत दाबत जातो. कडेच्या तारा मुक्या होतात, मधली तेवढी बोलते. ती जुळली की पट्टी थोडी थोडी सोडवत बाकीच्या दोघी तिच्याशी मिळवायच्या, आवाजातली थरथर पार विरेपर्यंत.

हे काम पिढ्यान्‌पिढ्या निव्वळ कानाचं होतं. पॅरिसच्या अंधशाळेत शिकलेल्या क्लोद मोंताल यांनी १८३६ मध्ये पियानो जुळवण्यावर पुस्तकच लिहिलं. पुढे कितीतरी अंधांना या व्यवसायाने सन्मानाची भाकरी दिली.

१९३६ मध्ये अमेरिकेतल्या कॉन कंपनीचं स्ट्रोबोकॉन हे स्वर तपासणारं यंत्र आलं. बारा स्वरांसाठी बारा फिरत्या चकत्या. स्वर नेमका लागला की नक्षी स्थिर दिसे, नाहीतर सरकू लागे.

खरी मौज १९३८ मध्ये उघड झाली. रेल्सबॅक या संशोधकाने अशाच तंत्राने चांगले जुळवलेले पियानो मोजले, तर खर्जाचे स्वर गणितापेक्षा किंचित उतरलेले आणि वरचे चढलेले निघाले! ट्यूनरांचे कान चुकले नव्हते. पोलादी तार ताठ असते, त्यामुळे तिचे उपस्वर मूळ स्वराच्या नेमक्या पटींपेक्षा थोडे चढेच असतात, आणि कान त्यांच्याशीच मेळ साधत होते.

आजची उपकरणं हे उपस्वर आधी मोजतात आणि सप्तक किती ताणायचं ते त्यावरून ठरवतात. फेल्टची पट्टी मात्र ट्यूनरच्या पिशवीत अजून आहे. तीन तारा एकत्र वाजल्या की यंत्राचं वाचनही डळमळतं.