इकॉनॉमी ७

इकॉनॉमी ७ ही ग्रेट ब्रिटनमधील घरगुती विजेची द्विदर आकारणी पद्धत आहे. या पद्धतीत रात्रीच्या सलग सात तासांत वापरलेल्या विजेस कमी दर, तर उरलेल्या सतरा तासांत वापरलेल्या विजेस जास्त दर लागू होतो. नावातील ‘७’ हा आकडा या सात तासांचा निदर्शक होय. गॅसजोडणी नसलेल्या लहान सदनिकांमध्ये रात्री पाणी तापवून ते दिवसभर वापरण्यासाठी या पद्धतीचा मोठा उपयोग केला जातो. खोल्या उबदार ठेवणारे उष्णतासंचयी हीटरही याच विजेवर चालतात.

इतिहास व हेतू

इकॉनॉमी ७ ची सुरुवात १९७८ साली झाली. कोळशावर व अणुऊर्जेवर चालणारी मोठी वीजकेंद्रे रात्रीपुरती बंद करून सकाळी पुन्हा सुरू करणे खर्चिक व अवघड असते. रात्री मागणी मात्र बरीच घटते. या वेळेत ग्राहकांनी वीज वापरावी, यासाठी तिचा दर कमी ठेवण्यात आला. पाणी हे उष्णता साठवण्याचे सोपे व स्वस्त साधन असल्याने पाणी तापवणे या योजनेस विशेष अनुकूल ठरले.

स्वस्त दराचे तास सर्वत्र एकच नाहीत. ते प्रदेशानुसार व पुरवठादारानुसार बदलतात. साधारणतः ते मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होऊन सकाळी सातच्या आसपास संपतात. अनेक जुने मीटर वर्षभर ग्रीनिच प्रमाणवेळेवर चालतात. त्यामुळे उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे केली, की स्वस्त तासही घड्याळाच्या हिशेबाने एक तास उशिरा सुरू होतात व उशिरा संपतात.

रचना

अशा सदनिकेत सामान्यतः कपाटात बसवलेली तांब्याची किंवा पोलादी टाकी असते. तिच्या आत विजेची तापक कांडी कायमची बसवलेली असते. तिला इमर्शन हीटर म्हणतात. भारतात बादलीत सोडल्या जाणाऱ्या रॉडचेच हे स्थिर व थर्मोस्टॅटयुक्त रूप होय. तिची क्षमता बहुधा ३ किलोवॉट असते.

इकॉनॉमी ७ साठीच्या टाकीत दोन कांड्या असतात. खालची कांडी रात्रीच्या दराच्या मंडलास जोडलेली असून ती संपूर्ण टाकी तापवते. वरची कांडी दिवसा गरज पडल्यास हाताने सुरू करता येते. गरम पाणी हलके असल्याने वर राहते आणि थंड पाणी तळाशी शिरते. त्यामुळे वरची कांडी केवळ वरच्या थरातील पाणी तापवते व महाग दराची वीज मोजकीच खर्च होते.

ऊर्जेचा हिशेब

१ लिटर पाण्याचे तापमान १ अंश सेल्सियसने वाढवण्यास सुमारे १.१६ वॉट-तास ऊर्जा लागते. १२० लिटर पाणी १५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवण्यास, म्हणजे ४५ अंशांच्या वाढीस, सुमारे ६.३ युनिट वीज लागते. ३ किलोवॉटच्या कांडीस त्यासाठी दोन तासांहून थोडा अधिक वेळ पुरतो.

स्वस्त वीज असूनही एकूण देयक कमी होईलच असे नाही. कारण या पद्धतीतील दिवसाचा दर एकेरी दरापेक्षा बहुधा जास्त असतो. उदाहरणादाखल एकेरी दर २५ पेन्स, दिवसाचा दर ३० पेन्स व रात्रीचा दर १५ पेन्स मानू. या दरांनी एकूण वापरापैकी एक तृतीयांशाहून अधिक वीज रात्री वापरली, तरच ग्राहकाचा लाभ होतो.

एखादे घर रात्री ६.३ व दिवसा ६ युनिट वापरत असेल, तर द्विदर पद्धतीने रोजचा खर्च सुमारे २७५ पेन्स होतो. एकेरी दराने तो सुमारे ३०८ पेन्स झाला असता. याउलट रात्री केवळ २ व दिवसा ६ युनिट वापरणाऱ्या घरास २०० पेन्सऐवजी २१० पेन्स मोजावे लागतात. आंघोळीसाठी तत्काळ पाणी तापवणारा विजेचा शॉवर वापरणारी एकटी व्यक्ती या दुसऱ्या गटात मोडू शकते.

मर्यादा व दक्षता

रात्री तापवलेले पाणी संध्याकाळपर्यंत गरम राहणे टाकीच्या वेष्टनावर अवलंबून असते. जुन्या टाकीभोवती ८० मिलिमीटर जाडीचे उष्णतारोधक आवरण घातल्यास व गरम पाण्याच्या उघड्या नळ्या झाकल्यास उष्णतेचा ऱ्हास बराच कमी होतो. कठीण पाण्याच्या प्रदेशात, उदाहरणार्थ लंडन व आग्नेय इंग्लंडमध्ये, कांडीवर क्षारांचा थर साचतो.

बचतीसाठी टाकीचे तापमान फार खाली आणणे धोक्याचे असते. २० ते ४५ अंश तापमानाच्या साठलेल्या पाण्यात लीजिओनेला हे जिवाणू वाढू शकतात. म्हणून साठा किमान ६० अंशांवर ठेवण्याची शिफारस केली जाते. मात्र ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत त्वचा भाजू शकते. त्यामुळे लहान मुले व वृद्ध असलेल्या घरांत नळाशी मिश्रण झडप बसवणे हिताचे ठरते. थर्मोस्टॅट बिघडल्यास पाणी उकळत राहू नये, म्हणून नव्या कांड्यांत वीज तोडणारी स्वतंत्र सुरक्षा-कळ असते.

बदलती व्यवस्था

अनेक घरांतील मीटरचा दर रेडिओ टेलिस्विच या यंत्रणेद्वारे बदलला जाई. तिचा संकेत बीबीसी रेडिओ ४ च्या १९८ किलोहर्ट्झ दीर्घलहरी प्रक्षेपणात मिसळलेला असे. ही यंत्रणा ३० जून २०२५ पासून टप्प्याटप्प्याने बंद करण्यास प्रारंभ झाला व तिची जागा स्मार्ट मीटर घेऊ लागले. मीटर वेळेत न बदलल्यास कांडी सुरूच न होण्याचा, किंवा महाग दराच्या वेळी सुरू राहण्याचा धोका अशा घरांना असतो.

भारतातील स्थिती

भारतात २०२३ साली वीजग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून वेळेनुसार दर आकारण्याची तरतूद करण्यात आली. येथे मात्र स्वस्त वेळ रात्रीची नसून सौरऊर्जा मुबलक असणारे दिवसाचे तास हीच ठरवण्यात आली आहे. तत्त्व एकच असले, तरी सकाळच्या स्नानासाठी पाणी तापवणाऱ्या घरांना हा लाभ सहज मिळत नाही. त्यासाठी दुपारी तापवलेले पाणी दुसऱ्या सकाळपर्यंत गरम ठेवू शकेल अशी मोठी व उत्तम वेष्टनाची टाकी लागते. घरगुती वापरातील १५ ते २५ लिटरच्या गिझरमध्ये तेवढा साठा होत नाही.