सुरतेचे हरिभाई

आमच्या कडोदऱ्याच्या चार रस्त्यावरून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. आसपासच्या कापड गिरण्यांत पोटापाण्यासाठी आलेली अनेक मराठी कुटुंबे, विशेषतः खानदेशातली, येथे स्थिरावली आहेत. घरात मराठी वा अहिराणी, बाजारात गुजराती आणि पडद्यावर हिंदी, असा त्यांचा संसार. याच सुरतेचा एक गुजराती मुलगा मात्र उलट दिशेने, मुंबईला गेला. त्याचे नाव हरिहर जरीवाला. जग त्याला संजीवकुमार म्हणून ओळखते, आणि चित्रसृष्टी त्याला 'हरिभाई' म्हणे.

९ जुलै १९३८ हा त्यांचा जन्मदिवस. 'इप्टा' आणि 'इंडियन नॅशनल थिएटर' यांच्या रंगमंचावर ते घडले. १९६० च्या 'हम हिंदुस्तानी'मध्ये एका किरकोळ भूमिकेतून ते पडद्यावर आले.

नायक तो नायक आणि म्हातारा, खलनायक, विनोदवीर हे सारे 'चरित्र अभिनेते', अशी आपल्याकडे एक जातव्यवस्थाच आहे. इंग्रजांकडे या दुसऱ्या वर्गाला मोठा मान. ॲलेक गिनेस या ब्रिटिश नटाने १९४९ च्या एका चित्रपटात एकाच घराण्यातील आठ व्यक्ती रंगवल्या, त्यात एक स्त्रीही होती. संजीवकुमारांनी १९७४ च्या 'नया दिन नई रात'मध्ये नऊ भूमिका केल्या. शिवाजी गणेशन यांनी तमिळमध्ये १९६४ साली केलेल्या 'नवरात्रि'ची ती हिंदी आवृत्ती होती.

पण खरी कसोटी वेषांतराची नव्हे. १९७२ साली गुलजारांच्याच दोन चित्रपटांत ते जया भादुरींचे 'परिचय'मध्ये वडील आणि 'कोशिश'मध्ये पती झाले. १९७५ च्या 'शोले'त त्यांचे सासरे झाले. १९७८ च्या 'त्रिशूल'मध्ये शशी कपूर त्यांचे चिरंजीव होते. प्रत्यक्षात शशी कपूर त्यांच्याहून जवळजवळ चार महिन्यांनी मोठे! ऐन उमेदीत केस पिकवायला हा माणूस कधी कचरला नाही. 'शोले'तल्या ठाकूरला तर हातही नाहीत. शाल, डोळे आणि आवाज एवढ्यावरच त्यांनी तो माणूस उभा केला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मुख्याध्यापक या नात्याने पालकांची एक तक्रार मी वर्षानुवर्षे ऐकतो आहे, "सर, पोरगं ना धड मराठी राहिलं, ना धड गुजराती झालं." ही चिंता खोटी नाही. पण अशा वेळी मला हरिभाई आठवतात. सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी'त (१९७७) हा सुरती माणूस लखनौचा मिर्झा सज्जाद अली होऊन उर्दू बोलतो. त्या चित्रपटात सईद जाफरी आणि रिचर्ड ॲटनबरो यांच्यासारखे कसलेले नट आहेत, पण त्यांच्यापुढे तो कोठे उणा वाटत नाही. आणि 'कोशिश'मध्ये मूकबधिराच्या भूमिकेत तो एक शब्दही बोलत नाही, तरी उत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवतो. तो पुरस्कार त्याआधी त्यांना 'दस्तक'साठीही मिळाला होता.

अनेक होणे म्हणजे अर्धे होणे नव्हे, हे यातून शिकावे. मात्र त्यासाठी प्रत्येक भूमिकेचा स्वतंत्र अभ्यास लागतो. आपल्या मुलांनी गुजराती उत्तम बोलावी आणि मराठी पुस्तकही तितक्याच आवडीने उघडावे. मुलांना दोन भाषा येतात हा दोष नाही. दोन्हीकडे दुर्लक्ष होते, दोष तेथे आहे, आणि त्याचे उत्तर आपण पालक-शिक्षकांनीच द्यायचे आहे.

६ नोव्हेंबर १९८५ रोजी हृदयविकाराने हरिभाई गेले. वय अवघे ४७. पडद्यावर इतक्यांदा म्हातारा झालेल्या या नटाला खरे म्हातारपण लाभलेच नाही. २०१३ साली टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले, आणि सुरतेत त्यांच्या नावाचे भव्य नाट्यगृह उभे आहे. सुट्टीत मुलांना घेऊन ते जरूर पाहावे, आणि घरी येऊन 'कोशिश' लावावा. तो समजायला कोणतीच भाषा आड येत नाही.