म्हाळुंगाची साल, चंदनाची बैठक

परवा भाचा दुबईहून सुट्टीवर आला आणि बोटाएवढी एक कुपी त्यानं माझ्यापुढं धरली. "मामू, लगाके देखो." किंमत विचारली तर नुसता हसला. मनगटावर फवारा उडाला आणि लिंबाची साल नखानं खरवडावी तसा वास आला. दहा मिनिटांत तो गेलाही. "पैसे उडाले रे तुझे," मी म्हणालो. "जरा सबर करो," तो म्हणाला.

तासाभरानं हातकणंगले स्टेशनकडे चालत निघालो, तर मनगटाला वेगळाच वास येऊ लागलेला. कोरडा, किंचित दुधाळ, लाकडाचा. मी रस्त्यातच थांबलो. ईदच्या सकाळी अब्बांच्या काळ्या कोटाला यायचा तो हा वास.

यात जादू काही नाही. लिंबू, संत्रं, म्हाळुंग यांच्या सालीतलं तेल हलकं, चटकन उडणारं. चंदनाच्या गाभ्यातलं तेल जड. ते कातडीला तासन् तास धरून बसतं. 1709 साली जर्मनीतल्या कोलोन शहरात फरिना नावाच्या इटालियन गृहस्थानं जे सुगंधी पाणी काढलं, त्याचा जीव लिंबू-संत्र्यात. आपल्याकडं तापात कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवत, ते याच जातीचं. अत्तराची रीत उलटी. कनौजचे कारागीर फुलांची वाफ तांब्याच्या डेगेतून बांबूच्या नळीनं भपक्यात उतरवतात, आणि भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं. गुलाब असो की मोगरा, बैठक चंदनाची.

अब्बा दरवर्षी मिरजेला ख्वाजा शमना मीरांच्या उरुसाला जात आणि चंदनाच्या अत्तराची एक कुपी आणत. वर्षभर पुरवून वापरत. कापसाचा फाया कानाच्या पाळीत, उरलेलं बोट कोटाच्या कॉलरला.

कोल्हापूरला बी. ए. करताना मी आणि एक मित्र रोज पॅसेंजरनं जायचो. एकदा तो सहज बोलून गेला, "अत्तर तुमचं, चंदन आमचं." मनात वाईट काही नव्हतं. मला मात्र ते बरीच वर्षं खरं वाटत राहिलं. अब्बांच्या कुपीत दोन्ही एकत्र होतं, हे तेव्हा सुचलंच नाही.

पुढं वाचत गेलो. उरुसात मजारीवर चढवतात तो संदल म्हणजे उगाळलेलं चंदनच, आणि 'संदल' हा शब्दही 'चंदन' याच शब्दाचा, फारसी-अरबीतून फिरून आलेला. 1659 पर्यंत आपला पन्हाळा विजापूरकरांकडं होता. त्या गादीवर 1580 ते 1627 राज्य केलं ते दुसऱ्या इब्राहीम आदिलशहानं, ज्याला लोक जगद्गुरू म्हणत. त्याच्यासाठी निजामुद्दीन महमूद यानं 'इत्र-ए-नौरसशाही' हा सुगंधांवरचा फारसी ग्रंथ लिहिला. नौरस म्हणजे आपले नवरसच.

त्याहून मला चकित केलं ते पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या एका पोथीनं. गंगाधराच्या 'गंधसार' या संस्कृत ग्रंथासोबत तिथं 'गंधवाद' नावाचा, कर्त्याचं नाव नसलेला ग्रंथ आहे, आणि त्यावर मराठी टीका आहे. संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी 1945 साली तिच्यावर लेख लिहिला. 1989 मध्ये बडोद्याहून ती छापून आली. सुगंध कसे करावेत हे कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी मराठीतून समजावून सांगत होतं! कवी म्हणून मला त्या अनामिक टीकाकाराचा हेवा वाटतो.

आणि लिंबाचं म्हणाल, तर करवीरच्या अंबाबाईच्या उजव्या हातात काय आहे? म्हाळुंग. फारसीत त्यालाच तुरंज म्हणतात.

आता चंदन दुर्मीळ झालंय. झाडाला गाभा धरायला दशकं लागतात, आणि तेल मुळातही असल्यानं झाड मुळासकट उपटतात. त्यामुळं स्वस्त अत्तरांची बैठक लिक्विड पॅराफिनवर आली. मध्यंतरी एका ठेल्यावरून चंदनाची म्हणून कुपी घेतली. घरी पोचेपर्यंत वास संपला, बोटाला तेलकटपणा तेवढा उरला.

स्टेशनवर तोच मित्र भेटला. आता निवृत्त आहे. मी काही न बोलता मनगट त्याच्या नाकाजवळ नेलं. त्यानं डोळे मिटले.

"देवघर," तो म्हणाला. "आमच्या आजीचं."

"अब्बांचा कोट," मी म्हणालो.

गाडीला अजून वेळ होता. त्यानं माझा हात पुन्हा ओढून घेतला.