भिंत मालकाची, उजेड आपला

अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला भिंतीत खिळा ठोकायचा तरी विचारावं लागतं. वायरिंग बदलणं तर दूरच. आम्ही दोघं सत्तरी ओलांडलेले, भाड्याच्या घरात. बटण दाराजवळ, पलंग खिडकीपाशी. रात्री उठलं की मधला अंधार कुणाचा?

१९७५ साली स्कॉटलंडमधल्या ग्लेनरॉथिस इथल्या पिको इलेक्ट्रॉनिक्सनं ‘एक्स-टेन’ ही पद्धत काढली. घरात असलेल्या तारांमधूनच दिव्याला हुकूम जायचा. टेबलावरच्या दिव्याचा प्लग एका डबीत खोचायचा, डबी सॉकेटमध्ये. भिंत फोडायला नको. पण हुकुमाची वाट मालकाच्या तारांतूनच, आणि तारांतल्या खरखरीत तो कधी हरवायचाही. २०१२ मध्ये फिलिप्सचा ‘ह्यू’ आला. आता हुकूम रेडिओलहरींनी थेट बल्बपर्यंत पोचला. घर सोडताना बल्ब काढा, पिशवीत टाका, चला.

एक मेख मात्र उरली. भिंतीवरचं बटण कुणी बंद केलं, की हुशार बल्बही बहिरा. म्हणून आम्ही बटणावर चिकटपट्टी लावली आहे. मालकी आणि वापर यांतला भेद वर्गात वर्षानुवर्षं शिकवला. नीट कळला तो त्या चिकटपट्टीपाशी.